कामाच्या बोटीवर जाताना सामान कसे भरावे : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

मासेमारीची, मालवाहू, सर्वेक्षणाची किंवा समुद्रातील प्रकल्पांना पुरवठा करणारी बोट असो, तिच्यावर प्रवासी म्हणून नव्हे तर कामासाठी प्रथमच जाणाऱ्या तंत्रज्ञांसाठी, निरीक्षकांसाठी आणि नव्या खलाशांसाठी हे पत्रक तयार केले आहे. आमच्याकडून साहित्य विकत किंवा भाड्याने घेण्यापूर्वी ते वाचावे, अशी विनंती आहे. हेल्मेट, इमर्शन सूट (थंड पाण्यात पडल्यास जीव वाचवणारा, अंगभर झाकणारा जलरोधक पोशाख), गादी आणि चादर यांपैकी बरेच काही अनेक बोटींवर आधीपासून असते. त्यामुळे खरेदीची यादी करण्याआधी बोटीच्या कार्यालयाला फोन करून बोटीवर काय मिळते, ओले कपडे वाळवायला जागा आहे का आणि कपडे धुण्यापुरते पाणी असते का, एवढे विचारून घ्यावे. असलेलीच वस्तू पुन्हा नेली तर ती केवळ अडगळ होते.

सामान भरताना मुख्यतः एक गोष्ट सांभाळावी. डेकवर भिजणारे सामान आणि केबिनमध्ये कोरडे राहणारे सामान यांची सरमिसळ होऊ देऊ नये. समुद्राच्या पाण्यात भिजलेला कपडा उन्हात वाळला तरी त्यात राहिलेले मीठ हवेतला दमटपणा ओढून घेते आणि संध्याकाळपर्यंत तो पुन्हा ओलसर लागू लागतो. गोड्या पाण्यात खळबळून काढल्याशिवाय तो खऱ्या अर्थाने कोरडा होत नाही, आणि बोटीवर गोडे पाणी जपूनच वापरावे लागते. म्हणून अंगातले कपडे, मोजे आणि कानटोपी असा एक पूर्ण जोड जलरोधक पिशवीत बंद करून ठेवावा, तो फक्त झोपताना वापरावा आणि कामाच्या पाळीवर जाताना, कितीही कंटाळा आला तरी, कालचे ओलसर कपडेच पुन्हा अंगात चढवावेत. ही शिस्त पहिल्या दिवशी जाचक वाटते, परंतु ती मोडली की सगळेच कपडे ओले होतात. जलरोधक पिशवीचे तोंड किमान तीन वेळा गुंडाळून मगच बकल लावावे, कारण एका घडीत पाणी अडत नाही.

मोठी पिशवी मऊ कापडाचीच घ्यावी. चाकांची कडक बॅग बंकखालच्या (झोपायच्या फळीखालच्या) अरुंद कप्प्यात बसत नाही आणि बोट हलू लागली की केबिनभर घरंगळत राहते. दोराच्या शिडीने चढावे लागणार असेल तर दोन्ही हात मोकळे हवेत. अशा वेळी पिशवी पाठीवर न घेता दोरीने वर ओढून घेतली जाते, तेव्हा तिला भक्कम मूठ असावी आणि तिच्यावर नाव ठळक लिहिलेले असावे.

डेकवरचे कपडे

सुती कपडे पाणी धरून ठेवतात आणि ओले झाल्यावर ऊब देत नाहीत, म्हणून अंगालगत लोकर किंवा पॉलिएस्टर घालावे. त्यावर जाड रबरी किंवा पीव्हीसीचा, खांद्यावर पट्टे असलेला रेनसूट असावा. गिर्यारोहणासाठीचे हलके जॅकेट हुक, जाळी आणि गंजलेल्या कडा यांपुढे फार काळ टिकत नाही, त्यामुळे ते महाग असले तरी या कामासाठी आम्ही सुचवत नाही. पॅंटचे पाय गमबुटाच्या आत न खोचता बाहेर ठेवावेत, अन्यथा अंगावर आलेली लाट थेट बुटात उतरते. गमबूट किंचित सैल घ्यावेत. जाड मोजे आत मावतात आणि पाण्यात पडल्यास बूट झटकून टाकता येतात. बुटातल्या सुट्या तळव्यांचा दुसरा जोड जवळ ठेवला तर एक वापरात असताना दुसरा वाळतो.

ग्राहक शर्ट भरपूर नेतात आणि हातमोजे मात्र एक-दोन जोडच घेतात; आमच्या मते हे प्रमाण उलट असावे. रबरी हातमोज्यांच्या आत घालायचे पातळ अस्तर घामाने लवकर ओले होते, म्हणून ते निदान चार-पाच जोड असावे. रेनसूटच्या बाह्या मनगटावर सतत घासल्याने खाऱ्या पाण्याचे फोड येतात. पाळी संपल्यावर मनगटे गोड्या पाण्याने पुसून पेट्रोलियम जेली लावावी. अंगठी, गळ्यातली साखळी आणि टोपीच्या लोंबत्या नाड्या विंचजवळ (दोर किंवा तार गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राजवळ) जीवघेण्या ठरू शकतात. नाड्या घरीच काढून टाकाव्यात आणि अंगठी घरीच ठेवावी.

लाइफ जॅकेट

आपोआप फुगणारे १५० न्यूटनचे (न्यूटन हे तरंगवण्याच्या जोराचे माप) जॅकेट अंगावर जड होत नाही, म्हणून बहुतेकांना ते आवडते. मात्र ज्यांचे काम हुक, सुरी किंवा वेल्डिंगच्या ठिणग्यांजवळ असते, त्यांनी फोमचे जॅकेट घ्यावे, कारण छिद्र पडलेले जॅकेट फुगणार नाही. फुगणाऱ्या जॅकेटचा सिलिंडर निघण्यापूर्वी काढून डिजिटल काट्यावर तोलावा. त्याच्यावर किमान वजन कोरलेले असेल आणि भरलेले वजन त्याहून कमी असेल, तर वायू गळालेला आहे. नंतर तो हाताने घट्ट बसवावा आणि स्वयंचलित यंत्रणेवरची मुदत वाचावी. जॅकेट रेनसूटच्या वरच घालावे आणि मांड्यांमधून जाणारा पट्टा न चुकता लावावा. तो नसेल तर पाण्यात जॅकेट वर सरकते आणि तोंड पाण्याखाली जाते. विमानाने बंदरावर जाणार असाल तर सिलिंडरसाठी विमान कंपनीची परवानगी आधीच घ्यावी.

विजेची उपकरणे

घरगुती एक्स्टेन्शन बोर्ड, विशेषतः सर्ज प्रोटेक्टर असलेला, बोटीवर नेऊ नये. अनेक बोटींवर घराप्रमाणे एक तार न्यूट्रल नसून दोन्ही तारांत विद्युतदाब असतो. घरगुती बोर्डाचे बटण एकच तार तोडते, त्यामुळे बोर्ड बंद दिसला तरी दुसऱ्या तारेतून वीज येत राहते आणि तो तापून आग लागू शकते. बोर्ड हवाच असेल तर बोटीच्या अभियंत्याला विचारून बोटीवरचाच वापरावा. पॉवर बँक विमानात हातातल्या सामानातच न्यावी लागते आणि १०० वॉट-तासांपर्यंतच्या पॉवर बँकेला सहसा वेगळी परवानगी लागत नाही. २०,००० मिलिॲम्पिअर-तासांची, ३.७ व्होल्टची पॉवर बँक ७४ वॉट-तासांची भरते. डोक्याला बांधायच्या टॉर्चमध्ये लाल प्रकाश असावा. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांवर पांढरा झोत पडला तर ते पुन्हा सरावायला २० ते ३० मिनिटे लागू शकतात, आणि चालककक्षात तुमच्या टॉर्चमुळे कप्तानाची दृष्टी जाणे कोणालाच परवडत नाही.

औषधे आणि इतर

बोट लागण्यावरचे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावे, ते जमिनीवरच एकदा घेऊन पाहावे आणि झोप येते का हे तपासावे, कारण गुंगीत विंचजवळ काम करणे उलट्यांपेक्षा कितीतरी वाईट आहे. उलटी सुरू झाल्यावर गोळी पोटात टिकत नाही, त्यामुळे ती निघण्याआधीच घ्यायची असते. नेहमीची औषधे ठरलेल्या दिवसांपेक्षा बरीच जास्त, मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, दोन वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवावीत. वैद्यकीय प्रमाणपत्राची मुदत सफर संपेपर्यंत टिकते का, हेही पाहून घ्यावे.

कानात घालायचे बोळे आणि डोळ्यांवरची पट्टी जवळ असावी, कारण इंजिन रात्रंदिवस चालू असते. नव्या वस्तूंची प्लास्टिकची वेष्टने घरीच काढून टाकावीत. समुद्रात प्लास्टिक टाकण्यास आंतरराष्ट्रीय नियमांनी पूर्ण बंदी आहे आणि बोटीवर कचरा साठवायला जागा थोडी असते.

भाड्याचे साहित्य परत करताना

रेनसूट, गमबूट आणि जॅकेट गोड्या पाण्याने धुऊन, सावलीत टांगून वाळवून मगच पिशवीत भरावे. ओले बांधून आणलेले साहित्य कुबट होते आणि पुढच्या ग्राहकाला देण्यापूर्वी आम्हाला ते पुन्हा धुवावे लागते. जॅकेट सफरीत फुगले असेल, तर रिकामा सिलिंडर तसाच लावून आणावा आणि स्वतः बदलू नये. कोणती झीज झाली आहे हे आम्हाला त्यावरून पाहता येते आणि नवा सिलिंडर आम्हीच बसवून देतो.