साथीतली बोगस औषधं आणि त्यावरची सरकारी कारवाई

साथ आली की तिच्या पाठोपाठ तिच्यावरचं "खात्रीशीर औषध" पण बाजारात येतंच, आणि असल्या मालावर सरकार जी नोटीस, जप्ती, गुन्हा वगैरे करतं त्याची ही नोंद. उदाहरणं कोरोनाच्या काळातली.

यातली खरी गंमत लेबलात आहे. सांगली म्हणजे हळदीची पेठ, तर तिथली हळद नुसती पुडीत भरून विकली तर ते अन्न, त्याला २००६ चा अन्नसुरक्षा कायदा. त्याच पुडीवर "कोरोना बरा होतो" छापलं की ते औषध झालं, मग १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आला, लायसन्स आलं. म्हणून हुशार लोक "बरा होतो" लिहीतच नाहीत, "इम्युनिटी बूस्टर" लिहितात. लॉकडाऊन उठल्यावर साताऱ्यात राजवाड्याजवळ मी एका दुकानातनं काढ्याची पावडर घेतलेली, पुढं ठळक अक्षरात इम्युनिटी, मागं मुंगीएवढ्या अक्षरात "हे औषध नव्हे", आणि काउंटरवरचा माणूस सांगतोय, "न्या बिनधास्त, कोरोना जवळपण फिरकणार नाही." आता ह्या तोंडी बोलण्याचा पंचनामा कोण करणार?

छापील जाहिरातीसाठी १९५४ चा जादूटोणा छाप उपायांच्या जाहिरातींवरचा कायदा आहे, पहिल्या गुन्ह्याला ६ महिन्यांपर्यंत कैद. ज्यांच्या उपचाराची जाहिरातच करायची नाही असे ५४ आजार त्याच्या यादीत, पण कोरोना त्यात असणार कुठनं, त्यामुळं "दिशाभूल करणारी जाहिरात" ह्या कलमावर यावं लागतं. १ एप्रिल २०२० ला केंद्राच्या आयुष (आयुर्वेद, होमिओपॅथी वगैरे) मंत्रालयानं राज्यांना कळवलं की कोरोनावर उपचाराचे दावे बंद करा. २३ जूनला पतंजलीचं कोरोनिल कोरोनावरचं औषध म्हणून आलं तर त्याच दिवशी मंत्रालयानं जाहिरात थांबवायला सांगितली, पुढं ते प्रतिकारशक्तीसाठी म्हणून विकायला मोकळं झालंच. (आर्सेनिकम अल्बम ह्या होमिओपॅथीच्या गोळ्या कोरोना टाळायला घ्या असा सल्ला जानेवारीत ह्याच मंत्रालयानं दिलेला, हे पण लक्षात असू द्या.)

जिल्ह्यात प्रत्यक्ष काम अन्न व औषध प्रशासनाचा औषध निरीक्षक करतो. दुकानातनं नमुना घेतला की तो दुकानदारासमोर चार भागात सील होतो, एक त्याच्याकडंच राहतो, एक सरकारी विश्लेषकाकडं जातो, एक कोर्टासाठी, एक दुकानदारानं ज्याच्याकडनं माल घेतला त्याला. पोलिसांसारखं धाड टाकली आणि संपलं असं नसतं, रिपोर्ट येईपर्यंत गाडी पुढं सरकत नाही.

कोरोनाच्या पेशंटला द्यायच्या रेमडेसिविर इंजेक्शनचं प्रकरण मात्र उलटं होतं. एप्रिल २०२१ ला, फलटणजवळच्या बारामतीत पोलिसांनी टोळी पकडली, ती वापरून झालेल्या रेमडेसिविरच्या रिकाम्या कुप्यांमधे पॅरासिटामॉलचं पाणी भरून विकत होती. म्हणजे इथं लेबल अस्सल आणि आतलाच माल खोटा. असल्या नकली औषधानं माणूस दगावला तर कमीत कमी १० वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप, आणि दंड किमान १० लाख.