वितीने मोजलेलं आभाळ

इंद्रधनुष्याचा सुरेख फोटो पाहिला की लोक हमखास म्हणतात, 'नशीब लागतं बुवा!' लागतं खरं, पण वाटतं त्यापेक्षा बरंच कमी. इंद्रधनुष्य कुठे उमटणार हे पाऊस पडायच्या आधीच ठरलेलं असतं. सूर्याकडे पाठ करून उभं राहा. तुमच्या डोक्याची सावली जिथे पडते, त्या दिशेला धनुष्याच्या वर्तुळाचं केंद्र असतं. तिथून ४२ अंशांवर लाल पट्टा. देश कुठला, ऋतू कुठला याने हा आकडा बदलत नाही, कारण तो पाण्याच्या थेंबातून येतो. किरण थेंबात शिरताना वाकतो, थेंबाच्या मागच्या बाजूवरून परततो, बाहेर पडताना पुन्हा वाकतो, आणि असे असंख्य किरण ४२ अंशांच्या आसपास दाटी करतात.

हा कोन मोजायला उपकरण लागत नाही. हात पूर्ण लांब करून वीत ताणली की अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत आकाशाचे साधारण २० ते २२ अंश मावतात. (लहान मुलांची वीत छोटी, पण हातही आखूड, त्यामुळे हे माप त्यांनाही चालतं.) म्हणजे डोक्याच्या सावलीपासून दोन विती मोजल्या की धनुष्याची जागा सापडली. आता नुसता पाऊस तिथे यायचा आणि उन्हाने त्याला गाठायचं, एवढंच उरतं.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते. सूर्य ४२ अंशांपेक्षा वर असेल तर सपाट जमिनीवरून धनुष्य दिसूच शकत नाही, ते सगळं क्षितिजाखाली जातं. आकाशाकडे न बघताही हे कळतं: स्वतःची सावली आपल्या उंचीपेक्षा थोडी तरी लांब हवी. भर दुपारच्या सरीत कॅमेरा काढून धावपळ करण्यात अर्थ नाही. ऊन कलल्यावरची सर मात्र सोडू नये.

लेन्सचा प्रश्नही इथेच सुटतो. सूर्य क्षितिजाला टेकलेला असताना धनुष्य अर्धवर्तुळाएवढं होतं आणि त्याची रुंदी ८४ अंश भरते. फोनचा मुख्य कॅमेरा आडवा धरला तरी जेमतेम सत्तरेक अंश पाहतो, म्हणून कमानीचे पाय कापले जातात. मोठ्या, फुल-फ्रेम सेन्सरच्या कॅमेऱ्यावर २० मिलिमीटरची लेन्स लागते, फोनवर अल्ट्रावाइड. पोलरायझर फिल्टर असेल तर तो लावून हळूहळू फिरवा. धनुष्याचा प्रकाश जवळजवळ पूर्ण ध्रुवीभूत असतो, म्हणजे त्याच्या लहरी एकाच दिशेत डोलतात, त्यामुळे एका स्थितीत रंग उठून दिसतात आणि तोच फिल्टर आणखी पाव फेरी फिरवला की तिथलं धनुष्य गायब होतं. मुख्य धनुष्याबाहेर ५१ अंशांवर उलट्या रंगांचं दुसरं धनुष्य असतं. या दोघांमधला आकाशाचा पट्टा स्पष्टपणे काळपट दिसतो. त्याला अलेक्झांडरचा पट्टा म्हणतात, इसवी सन २०० च्या सुमारास त्याचं वर्णन करणाऱ्या अफ्रोडिसियसच्या अलेक्झांडर या तत्त्वज्ञावरून. फोटो पाहताना बहुतेकांची नजर रंगांवरच जाते. मला तो काळा पट्टा जास्त आवडतो.

सूर्याला किंवा चंद्राला खळं पडतं तेव्हा एकच वीत पुरते. उंचावरच्या पातळ, दुधी ढगात बर्फाचे षटकोनी स्फटिक असतात. त्यांच्या बाजूंतून जाणारा प्रकाश कमीत कमी २२ अंश वळतो आणि तेवढ्याच त्रिज्येचं कडं दिसतं. फोटो काढताना सूर्य एखाद्या खांबाआड किंवा झाडाच्या शेंड्याआड घ्यावा, म्हणजे कडं उजळ येतं आणि डोळेही वाचतात. सूर्य खाली असेल तर त्याच उंचीवर डावी-उजवीकडे, कड्याला लागून, दोन रंगीत तेजस्वी ठिपके दिसतात का तेही पाहावं.

सूर्यास्ताच्या बाबतीत लोक फार लवकर घरी जातात. सूर्य बुडाला की कॅमेरे पिशवीत, आणि खरा रंग त्यानंतर चढतो. कारण साधं आहे: आपल्यासाठी सूर्य मावळला तरी उंचावरच्या ढगासाठी तो मावळलेला नसतो. पृथ्वीची त्रिज्या सुमारे ६,३७० किलोमीटर धरून गणित केलं, तर डोक्यावर १० किलोमीटर उंच असलेल्या पातळ, पिसासारख्या सिरस ढगाला सूर्य क्षितिजाखाली ३.२ अंश जाईपर्यंत ऊन मिळतं. विषुववृत्ताच्या आसपास सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, चार मिनिटांत एक अंश. म्हणजे त्या ढगाला आपल्यापेक्षा सुमारे १३ मिनिटं जास्त मिळतात. २ किलोमीटरवरच्या ढगाला जेमतेम ६. जिथे सूर्य तिरपा मावळतो, त्या उत्तर-दक्षिणेकडच्या प्रदेशांत हा अवधी आणखी लांबतो. या मिनिटांत ऊन ढगाला खालून लागतं आणि ढगाचा तळ पेटतो.

ते ऊन लाल का असतं? निळा प्रकाश हवेच्या रेणूंवरून तांबड्यापेक्षा चौपटीहून जास्त विखुरतो. क्षितिजावरच्या सूर्याचे किरण डोक्यावरच्या सूर्याच्या तुलनेत ३८ पटींच्या आसपास हवा ओलांडून येतात. वाटेत निळा गळतो, मग हिरवाही, आणि शेवटी केशरी-तांबडा उरतो. धूळ आणि प्रदूषण असलं की सूर्यास्त रंगतो असा एक समज आहे. तो बहुतांशी चुकीचा. जमिनीलगतचा धुरकटपणा रंग मळकट करतो, सगळं कसं पिवळट-तपकिरी होऊन जातं. ज्वालामुखीची गोष्ट वेगळी: त्याचे अतिसूक्ष्म कण पाऊस पोहोचत नाही इतक्या उंचीवर महिनोन् महिने तरंगतात. १८८३ च्या ऑगस्टमध्ये क्राकाटोआ फुटला आणि त्यानंतर लंडनमध्ये विल्यम अ‍ॅस्क्रॉफ्ट या चित्रकाराने तिथल्या संध्याकाळच्या आकाशाची ५०० हून अधिक रेखाटनं केली. रंगीत फोटोची सोय नव्हती, म्हणून त्या रंगांची नोंद खडूने झाली.

तेव्हा संध्याकाळी पाहायचं ते एवढंच: डोक्यावर उंच किंवा मध्यम उंचीचे तुटक ढग आहेत का, आणि पश्चिमेला क्षितिजापाशी फट आहे का. फट नसेल तर किरण आतच येणार नाहीत, मग वर कितीही देखणे ढग असोत. उपग्रहाच्या ताज्या चित्रात ही फट दोनएकशे किलोमीटरपर्यंत तपासता येते, आणि ती तपासणारा माणूस बाकीच्यांना नशीबवान वाटतो.

रंग समोर असूनही फोटोत फिका येतो, त्यात निम्मा दोष कॅमेऱ्याच्या शहाणपणाचा असतो. रंगांचा तोल ठरवणारा व्हाइट बॅलन्स 'ऑटो'वर असेल तर दृश्यातला केशरीपणा ही चूक आहे असं समजून कॅमेरा तो दुरुस्त करायला जातो. व्हाइट बॅलन्स 'डेलाइट'वर ठेवावा. दुसरं, सेन्सरवर लाल, हिरवा आणि निळा असे तीन वेगळे हिशेब चालतात. सूर्यास्ताच्या ढगात लाल सगळ्यात आधी काठोकाठ भरतो. तो भरला की पुढचा लाल मोजलाच जात नाही, हिरवा मात्र वाढत राहतो, आणि तांबडा ढग फोटोत पिवळा होऊन बसतो. हे नंतर संगणकावर नीट होत नाही. म्हणून एक्सपोजर एखादा स्टॉप कमी (म्हणजे प्रकाश निम्मा) ठेवावं आणि हिस्टोग्रामचे, म्हणजे उजळपणाच्या आलेखाचे, तिन्ही रंग वेगवेगळे पाहावेत. अंधारलेला भाग नंतर उजळता येतो, जळलेला परत येत नाही.

विजेच्या बाबतीत मात्र आपली चपळाई कामाची नाही. वीज दिसली आणि बटण दाबलं, एवढ्यात सेकंदाचा पाचवा भाग जातो, आणि तोवर खेळ बहुधा आटोपलेला असतो. रात्री उपाय सोपा आहे: कॅमेरा ट्रायपॉडवर, फोकस दूरवर पक्का, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, अ‍ॅपर्चर एफ/८ च्या आसपास (अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सचं उघडं तोंड), आणि शटर दहा-वीस सेकंद उघडं. वीज आपण होऊन त्यात येते. इथे एक गंमत लक्षात घेण्यासारखी आहे. शटर कितीही वेळ उघडं ठेवलं तरी विजेची रेघ अधिक उजळ होत नाही, कारण ती क्षणभरच असते. तिचा उजळपणा ठरतो अ‍ॅपर्चर आणि आयएसओवर. शटरच्या वेळेने फक्त मागचं आकाश आणि जमीन कमी-जास्त उजळते. दोन वेगळे नळ आहेत म्हणा ना, आणि दोन्ही स्वतंत्रपणे फिरवता येतात. फोनने किंवा इलेक्ट्रॉनिक शटरने काढलेल्या फोटोत कधी मधलाच एक आडवा पट्टा लख्ख उजळलेला दिसतो. तो बिघाड नव्हे. सेन्सरच्या ओळी एकामागोमाग वाचल्या जातात आणि वीज त्यांतल्या काही ओळींच्या वाट्यालाच आलेली असते.

चित्रकार पूर्वी वीज करवतीच्या दात्यांसारखी कोनाकोनांची काढत. १८८० च्या दशकात फिलाडेल्फियात विल्यम जेनिंग्ज यांनी तिचे फोटो मिळवले, आणि वीज फांद्या फुटलेली, वेडीवाकडी असते हे कागदावर आलं. पुढे ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ चार्ल्स व्हर्नन बॉइज यांनी फिरत्या लेन्सचा कॅमेरा बनवला, ज्यात एकामागोमागचे क्षण वेगवेगळ्या जागी उमटतात. १९३० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत बेसिल शॉनलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या पद्धतीने विजेचं एकेक पाऊल वेगळं केलं. आधी ढगातून एक मंद वाट साधारण ५० मीटरच्या टप्प्यांनी, थांबत थांबत खाली येते. ती जमिनीशी जोडली गेली की लख्ख प्रवाह त्याच वाटेने खालून वर झेपावतो, आणि त्या वाटेवरची हवा सुमारे ३०,००० अंशांपर्यंत तापते. आपण ज्याला 'वीज पडली' म्हणतो, तिचा डोळे दिपवणारा भाग वर जात असतो.

गडगडाट ऐकू येत असेल तर तुम्ही विजेच्या टप्प्यात आहात, त्यात हिशेब नाही. पक्कं घर किंवा पत्र्याच्या बंद छताची गाडी गाठायची, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही. ट्रायपॉड बाहेर राहिला तर राहू द्या.

इतकं सगळं जमवूनही एक भाग उरतो, ज्याचं वेळापत्रक कुणाकडेच नसतं. ६ जुलै १९८९ च्या रात्री मिनेसोटा विद्यापीठातले संशोधक एका रॉकेट प्रयोगासाठी मंद प्रकाशात चालणारा व्हिडिओ कॅमेरा तपासत होते. नंतर टेप पाहताना दूरच्या वादळाच्या डोक्यावर, ढगांच्याही खूप वर, प्रकाशाचे दोन खांब दिसले. वैमानिक असं काही पाहिल्याचं सांगत आले होते, पण फारसं कुणी मनावर घेतलं नव्हतं. आता त्यांना 'स्प्राइट' म्हणतात. ५० ते ९० किलोमीटर उंचीवरच्या या तांबड्या लखलखाटाचे फोटो आज हौशी लोकही काढतात. युक्ती अशी की वादळाखाली न जाता त्यापासून दोन-तीनशे किलोमीटर लांब, निरभ्र अंधाऱ्या जागी राहायचं, आणि कॅमेरा वादळाच्या वरच्या मोकळ्या आकाशावर रोखायचा.

कॅनडातल्या अल्बर्टामध्ये ध्रुवीय प्रकाशाचे फोटो काढणाऱ्या हौशी मंडळींना वरचेवर जांभळट प्रकाशाची एक अरुंद, लांब रेघ सापडत होती. नाव माहीत नाही, म्हणून त्यांनी गमतीने तिला 'स्टीव्ह' म्हटलं. मग पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या 'स्वार्म' उपग्रहांपैकी एक तिच्यातून गेल्याची नोंद मिळाली: सुमारे ३०० किलोमीटर उंचीवर २५ किलोमीटर रुंदीचा अतितप्त वायूचा झोत, सेकंदाला ६ किलोमीटर वेगाने पश्चिमेकडे वाहणारा. २०१८ मध्ये शोधनिबंध आला आणि नाव तेच राहिलं. हे जुळलं ते फोटोंवर तारीख, वेळ आणि जागा होती म्हणून.

वेळ नोंदलेली नसेल तर काय होतं याचं उदाहरण प्रसिद्ध आहे. छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांनी न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावी उगवलेल्या चंद्राचा फोटो घेतला. प्रकाशमापक सापडेना, तेव्हा चंद्राची तेजस्विता आठवून त्यांनी एक्सपोजर ठरवलं. एक निगेटिव्ह झाली आणि दुसरी घेईपर्यंत दफनभूमीतल्या क्रुसांवरचं ऊन गेलं होतं. इतका नेमका क्षण, पण त्यांना नंतर वर्षही नीट आठवेना. १९९१ मध्ये 'स्काय अँड टेलिस्कोप' या खगोल मासिकातल्या डेनिस डी सिको यांनी चंद्राच्या जागेवरून हिशेब मांडून उत्तर दिलं: १ नोव्हेंबर १९४१, दुपारी ४ वाजून ४९ मिनिटं. त्याआधी दुसऱ्या एका खगोलशास्त्रज्ञाने काढलेलं उत्तर आदल्या दिवसाचं होतं.

२०१३ च्या १५ फेब्रुवारीला रशियात चेल्याबिन्स्कवर अशनी फुटला तेव्हा तो गाड्यांतल्या आणि रस्त्यांवरच्या कॅमेऱ्यांत टिपला गेला, आणि त्या चित्रणांवरून त्याची सूर्याभोवतीची मूळ कक्षा काढता आली. अनेक कॅमेऱ्यांची घड्याळं चुकीची होती. मग खांबांच्या जमिनीवर सरकणाऱ्या सावल्या मोजून दिशा काढाव्या लागल्या.

म्हणून विचित्र काही दिसलं तर कॅमेऱ्याचं घड्याळ फोनशी ताडून पाहा, फोटोत क्षितिजाची रेघ आणि एखादा खांब किंवा छपराची कड राहू द्या, आणि कुणाला पाठवायचा झाला तर मूळ फाइलच पाठवा. बरीच मेसेजिंग अ‍ॅप्स फोटो लहान करताना वेळेची आणि जागेची नोंद पुसून टाकतात.