चयापचय संलक्षण : खानदेशातील मध्यमवयीन व वृद्ध

चयापचय संलक्षण, म्हणजे डॉक्टरांच्या बोलण्यातला मेटाबॉलिक सिंड्रोम. हा एक रोग नव्हे. एकाच अंगात सोबत नांदणाऱ्या पाच बिघाडांचा हिशेब आहे. कमरेचा वाढलेला घेर, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १५० किंवा अधिक, एचडीएल (चांगले कोलेस्टेरॉल) पुरुषांत ४० व स्त्रियांत ५० च्या खाली, रक्तदाब १३०/८५ किंवा त्यावर आणि उपाशीपोटी साखर १०० किंवा अधिक (चरबी व साखरेचे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये). पाचांपैकी कोणतेही तीन भरले की निदान होते. गोळीने आटोक्यात आलेला दाबही यात मोजला जातो. हा निकष २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनांनी मिळून ठरवला. त्याआधी १९८८ मध्ये जेराल्ड रीव्हन यांनी या गोतावळ्याला ‘सिंड्रोम एक्स’ म्हटले होते आणि शरीर इन्सुलिनला दाद देईनासे होते, हे त्याचे मूळ दाखवले होते. असे संलक्षण असलेल्याला मधुमेहाचा धोका सुमारे पाचपट, हृदयविकाराचा दुप्पट.

भारतात प्रौढांपैकी साधारण ३० टक्के लोक यात मोडतात. वय चढते तसे प्रमाण चढते आणि पाळी गेल्यानंतर स्त्रियांत ते विशेष वाढते. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेह ११.४ टक्के, तर पोटाचा लठ्ठपणा ३९.५ टक्के आढळला. म्हणजे साखर असलेल्यांपेक्षा पोट सुटलेले लोक कितीतरी जास्त.

जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत लोक या पाच गोष्टी सुट्यासुट्या ओळखतात: कुणाला ‘शुगर’ असते, कुणाला ‘बीपी’. कमरेला मात्र कुणी आजारात धरत नाही. सुटलेले पोट हे घर सुखात असल्याची खूण. आशाताई तिशीवरच्यांचा तपासणी-अर्ज भरायला येते, त्यात कमरेच्या मापालाही गुण आहेत. टेप शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर लावायचा असतो. आजी नऊवारीत असल्या की निऱ्या-ओच्याचे दोन-चार सेंटिमीटर फुकट वाढतात, आणि वर ऐकायला मिळते, ‘माले काहीच व्हयेल नही.’ पुरुषमंडळी पँटची साइज सांगून मोकळी होतात. वीस वर्षांपूर्वी चौतीस होती, आजही चौतीसच! पट्टा पोटाखाली सरकला, हे त्या आकड्यात येत नाही. आपल्याकडे मर्यादा पुरुषांना ९० व स्त्रियांना ८० सेंटिमीटर आहे, अमेरिकी निकषातील १०२ व ८८ पेक्षा बरीच कमी. दिसायला सडपातळ भारतीयाच्याही पोटात चरबी साठते, हे पुण्यातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने ठसवले.

दोष शेवभाजीच्या तर्रीला देणे सोपे आहे. पण तर्री, भरीत, बट्टी हे जुनेच. त्याखालची मेहनत गेली. रावेर-यावलच्या केळीबागांत ठिबक आले, मोटार मोबाइलवरून सुरू होते, शेतापर्यंत मोटारसायकल जाते. पूर्वी रात्री-बेरात्री फावडे घेऊन पाणी भरणारा माणूस आज साठीत ओट्यावर बसलेला असतो, जेवण मात्र त्याच मापाचे. त्यातच दादरची (ज्वारीची) किंवा कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी मागे पडून पोळी-भात वाढला. ‘फिरायला जा’ हा सल्लाही इथे अर्धाच चालतो. एप्रिल-मेमध्ये भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळिशीकडे जातो, आणि पहाटे उठून गेले तरच जमते.

सातपुड्याच्या बाजूला आणखी एक अडचण आहे. नंदुरबारच्या आदिवासी भागात सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय असल्याने तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी तपासणी फसवू शकते: सिकलसेलच्या रुग्णात तांबड्या पेशी लवकर मोडतात आणि आकडा खरा असतो त्याहून कमी येतो. त्यामुळे धडगाव-अक्कलकुव्याकडच्या रुग्णाचा नुसता तो कागद पाहून ‘शुगर नाही’ म्हणू नये. उपाशीपोटी रक्त घेऊन साखर पाहावी.