पनामा हॅट पनामाची नाहीच

दरवेळी कुणीतरी सांगतंच की पनामा हॅट पनामात बनते, आणि अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट १९०६ला पनामा कालव्याचं काम बघायला गेले तेव्हा ती घातलेला त्यांचा फोटो छापून आला म्हणून हे नाव पडलं. दोन्ही चूक.

ही टोपी दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोरची. तिथल्या किनारपट्टीच्या मानाबी भागात, माँटेक्रिस्टी गावाच्या आसपास, नंतर डोंगरात कुएंका शहराकडे. टोकिया नावाचं ताडासारखं दिसणारं झाड असतं (खरा ताड नाहीये तो), त्याची कोवळी पानं चिरून, उकळून, वाळवून बारीक धागे काढतात आणि हातानेच विणतात. एकदम भारी टोपीला कित्येक महिने लागतात, आणि कोरड्या उन्हात धागा तुटतो म्हणून कारागीर सकाळी नाहीतर संध्याकाळी बसतात. पाण्याखाली विणतात ही पण निव्वळ थाप!

मग पनामा कुठून आलं? माल तिथून विकला जायचा, बस. इक्वेडोरला गिऱ्हाईक कोण येणार, पण पनामाच्या चिंचोळ्या पट्टीवरून सगळी ये-जा चालायची, त्यात १८४९च्या सुमारास सोन्यासाठी कॅलिफोर्नियाला निघालेले लोक तिथूनच जायचे आणि उन्हापासून बचाव म्हणून टोप्या घ्यायचे. जिथे घेतली तिथलं नाव चिकटलं. तेव्हा पनामा वेगळा देशसुद्धा नव्हता, तो झाला १९०३ला. रूझवेल्टच्या फोटोने फॅशन वाढली असेल, पण नाव कितीतरी आधीचं.

२०१२ला युनेस्कोने वारसा यादीत हे विणकाम घेतलं, तेही इक्वेडोरच्या नावाने.