पार्श्वभूमी: मराठवाड्यातली तालुक्याची गावं, आपत्ती आराखडा आणि पूररेषेचा घोळ

2025 च्या पावसाळ्यानंतर भूम, परंडा, गेवराई, मुखेड अशा तालुक्याच्या गावांत हवामान बदल, पूर, आपत्ती आराखडा हे शब्द चहाच्या टपरीवर पण ऐकू यायला लागलेत. आराखडा पाहिजे यावर कुणाचं दुमत नाही. पण आधीपासून एक आराखडा असतोच, तो कुठून आला, त्यात काय आहे, काय नाही आणि का नाही, हे बघितल्याशिवाय नवा केला तर जुन्याच कागदावर नवी तारीख पडणार, म्हणून हे सगळं एका जागी लिहितोय.

फार मागं जायची गरज नाही. निजामाच्या काळात आणि त्यानंतरही आपल्याकडं आपत्ती म्हणजे दुष्काळ, दुसरं काही नाही. 1972 च्या दुष्काळानं मिलो, म्हणजे परदेशातनं आलेली लाल ज्वारी, खायला घातली, सुकडी खायला घातली आणि रोजगार हमी, पाझर तलाव, नालाबंडिंग ही सगळी व्यवस्था मागं ठेवून गेला. ती व्यवस्था मोलाची होती, पण ती शेतासाठी आणि खेड्यासाठी होती. बाजारपेठेचं गाव तेव्हा लहान होतं, त्याचा वेगळा विचार करायचं कुणाच्या मनात यायचं कारणच नव्हतं.

खरी सुरुवात 30 सप्टेंबर 1993 ला झाली. अनंत चतुर्दशीची मिरवणूक आटपून लोक झोपलेले, पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला, 6.2 रिश्टरचा. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद मिळून 8 ते 10 हजार माणसं गेली. हा सगळा पट्टा तोपर्यंत भूकंपाच्या नकाशात झोन 1 मध्ये होता, म्हणजे देशातल्या सगळ्यात सुरक्षित भागात. 2002 च्या नकाशात तो झोन 3 मध्ये आला. माणसं मेली ती मुख्यतः दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यावरचं मातीचं जड माळवद अंगावर आल्यानं. नंतर 52 गावं नव्या जागी वसवली, आजूबाजूच्या जिल्ह्यांत जवळपास 2 लाख घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण झालं. नव्या घरांचं माप जमिनीवरून ठरलं, भूमिहीन आणि अल्पभूधारकाला 250 चौरस फूट, मधल्याला 400, मोठ्या खातेदाराला 750. यावर आजही तिकडं लोक बोलतात, आणि बोलायलाच पाहिजे, कारण भूकंपानं खातेउतारा बघून घर पाडलं नव्हतं.

भूकंपानंतरच्या त्या पुनर्वसनाच्या कार्यक्रमातच जिल्हावार आपत्ती आराखडे करायचं काम झालं, देशात आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा यायच्या कितीतरी आधी. 2005 मध्ये कायदा आला, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण आलं, आणि आराखडा हा जिल्ह्याचा विषय झाला तो आजतागायत. तालुक्याच्या गावाच्या वाट्याला काय आलं तर मे महिन्यातली मान्सूनपूर्व बैठक, नालेसफाईचं टेंडर, पोहणाऱ्यांची यादी, जेसीबीवाल्यांचे नंबर, निवाऱ्यासाठी कोणती शाळा ते. हे सगळं लागतंच, त्याला नावं ठेवायची नाहीत. पण ही पाणी आल्यावर काय करायचं याची यादी आहे. पाणी कुठं येणार आणि तिथं घरं का आहेत, याला त्या फाईलीत पान नाही.

तिथं घरं का आहेत, याचं उत्तर माझ्या मते दुष्काळात आहे. 2012 पासून 2019 पर्यंतची वर्षं आठवा. मराठवाड्याची पावसाळ्याची सरासरी 679 मिलिमीटर धरतात, त्यातली कित्येक वर्षं त्याच्या जवळपास पण गेली नाहीत. मांजरा धरण मृतसाठ्याच्या खाली गेलं, 2016 च्या मार्चमध्ये लातूरला पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लावावी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, आधी 10 वाघिणी, मग 50. एका पिढीनं नदी वाहताना बघितलीच नाही. नदी म्हणजे बाभळी आणि कचरा, ओढा म्हणजे आठवडी बाजाराची जागा. ज्या गावात पाण्याच्या टँकरसाठी रात्री जागायचं त्या गावात पुराची भीती कोण घालणार आणि ऐकणार कोण? त्याच काळात गुंठेवारीचं, म्हणजे परवानगीशिवाय गुंठ्या-गुंठ्यानं तुकडे पाडून विकायचं, प्लॉटिंग नाल्याच्या काठापर्यंत गेलं, कारण तीच जमीन स्वस्त होती, आणि स्वस्त जमीन घेणारा म्हणजे ऊसतोडीला जाऊन आलेला, हमाल, खेड्यातून पोरांच्या शाळेसाठी आलेला माणूस. 2001 च्या गुंठेवारी कायद्यात 2021 मध्ये दुरुस्ती झाली आणि 31 डिसेंबर 2020 पर्यंतचे प्लॉट नियमित करायची सोय झाली. लोकांना कागद मिळाला हे चांगलंच झालं, फक्त नाल्याच्या काठावर राहायला तो कितपत उपयोगी, हे तेव्हा कुणी मोठ्यानं विचारलं नाही.

मग पाणी आलं. 2021 च्या सप्टेंबरात गुलाब चक्रीवादळाचा उरलेला पट्टा आपल्यावरून गेला, मांजराचे 18 दरवाजे उघडले, काठच्या गावांत पाणी शिरलं. सप्टेंबर 2024 च्या सुरुवातीला परभणी, हिंगोली, नांदेड. 2025 च्या ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यात रात्रीतून गाव पाण्याखाली, आणि सप्टेंबरात सीना, मांजरा, तेरणा, बाणगंगा, गोदावरी सगळ्या एकदम. जायकवाडीतून 3 लाख क्युसेकच्या घरात विसर्ग गेला. ज्या परंडा-भूम भागात टँकर मोजायची सवय, तिथं हेलिकॉप्टरनं माणसं काढावी लागली. पैठणच्या लोकांना हे नवं नव्हतं, 2006 च्या ऑगस्टात त्यांनी धरणातून सोडलेलं पाणी गावात बघितलं होतं. पण तो धडा पैठणपुरताच राहिला.

आता पूररेषा. सगळा घोळ इथं आहे म्हणून जरा सविस्तर.

राज्यात 1989 पासून निळी रेषा आणि लाल रेषा असा प्रकार आहे. 25 वर्षांतून एकदा येईल असा पूर, किंवा पात्राच्या वहनक्षमतेच्या दीडपट पाणी, यातलं जे जास्त ते निळ्या रेषेच्या आत. तिथं बांधकामाला मनाई. 100 वर्षांतून एकदाचा पूर म्हणजे लाल रेषा. निळ्या-लालच्या मध्ये बांधता येतं पण अटी घालून, जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा वर घेऊन. कागदावर हे स्वच्छ आहे. गोंधळ पहिला असा की "25 वर्षांचा पूर" म्हटलं की माणसाला वाटतं एकदा येऊन गेला, आता 24 वर्षं निवांत. तसं नसतं. दरवर्षी 100 पैकी 4 शक्यता असते, यंदा येऊन गेला तरी पुढच्या वर्षी तेवढीच.

दुसरा गोंधळ मोजमापाचा. 25 वर्षांचा पूर काढायला पाण्याची कितीतरी वर्षांची नोंद लागते. गोदावरीवर ती आहे, मांजरावर आहे. गावातून जाणाऱ्या ओढ्यावर कुणी कधी मोजपट्टी लावली? मग पावसावरून हिशोब करायचा, तर पाऊस महसूल मंडळाच्या एका पर्जन्यमापकावर मोजलेला, आणि आता ढग असा पडतो की मंडळाच्या या टोकाला 150 मिलिमीटर आणि त्या टोकाला धूळ. एका दिवसात मंडळात 65 मिलिमीटर झाला की अतिवृष्टी, हा निकष नुकसानभरपाईसाठी केलेला आहे. गावातल्या पुलाखालून किती पाणी जाईल ते सांगायचं काम त्याचं नाही, पण बैठकीत तोच आकडा फिरत राहतो. वर जुन्या नोंदीवर काढलेली रेषा उद्याच्या पावसाला पुरेल का, हा प्रश्न आहेच. 100 वर्षांचा म्हणून धरलेला पूर जर वीस-तीस वर्षांत दोनदा यायला लागला तर लाल रेषा तिथंच ठेवून कसं चालेल?

तिसरा गोंधळ धरणाचा. काही गावात पूर पावसानं येत नाही, दरवाजांनी येतो. वरचं धरण भरलं, येवा (धरणात येणारं पाणी) वाढला, विसर्ग वाढवला, की गावात ऊन पडलेलं असताना पाणी चढतं. अशा गावाची रेषा धरण कसं चालवतात यावर ठरते, आणि ते ठरवणाऱ्या बैठकीत नगरपालिकेला खुर्ची नसते.

आणि चौथा, ज्याच्यामुळं खरं तर काम अडतं. रेषा आखली की आत आलेल्याच्या जमिनीचा भाव पडतो, बँक कर्ज देत नाही, परवानगी अडकते. म्हणून रेषा आखायचा विषय निघाला की गावात हालचाल सुरू होते, आणि पुढची दहा वर्षं "सर्वेक्षण प्रस्तावित". यात फक्त बिल्डर दोषी असं म्हणणं सोपं आहे, पण आत येणाऱ्यांत निम्मे तेच 2 गुंठ्यांवाले. त्यांना दुसरी जागा न दाखवता रेषा आखणं म्हणजे त्यांच्या आयुष्यभराच्या कमाईवर फुली मारणं. तरीसुद्धा माझं मत स्पष्ट आहे, रेषा आखलीच पाहिजे, कारण न आखल्यानं पाणी थांबत नाही, फक्त नवीन माणसं तिथं येऊन राहतात. रेषा आणि पर्यायी जागा हे एकाच ठरावात यायला हवं होतं, आणि ते कुठंच आलं नाही.

जिथं रेषा नाही तिथं काय? 2020 च्या शेवटी मुंबईसारखे काही भाग सोडून राज्यभर एकच बांधकाम नियमावली आली, त्यात मोठ्या प्रवाहापासून 15 मीटर आणि लहानापासून 9 मीटर सोडायचं आहे. नऊ मीटर म्हणजे एक बऱ्यापैकी रस्ता. 2025 मध्ये भूमला किंवा गेवराईकडं पाणी किती पसरलं होतं ते ज्यांनी बघितलं त्यांना वेगळं सांगायला नको.

उष्णतेचं थोडक्यात, कारण ते भूकंपाशी जोडलेलं आहे. किल्लारीनंतर लोकांच्या मनात माळवदाची धास्ती बसली आणि पत्रा आला, आधी भूकंपग्रस्त भागात, मग स्वस्त पडतो म्हणून सगळीकडं. आता मे महिन्यात परभणी-नांदेडकडं पारा 43-44 ला जातो तेव्हा पत्र्याखाली दुपार काढणं किती अवघड आहे हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. भूकंपात अंगावर न येणारं आणि राहायला थंड असं घर कसं बांधायचं, यावर 1993 नंतर खूप काम व्हायला पाहिजे होतं. आपत्तीच्या केंद्राच्या यादीत उष्णतेची लाट कित्येक वर्षं आलीच नाही, त्यामुळं गावाच्या आराखड्यातही तिला जागा मिळाली नाही. विजेचं तसंच. गारपीट त्या यादीत होती, पण 2014 ची गारपीट आली तेव्हा पंचनामे झाले ते शेताचे. आणि भूकंप संपला असंही नाही, 21 मार्च 2024 ला हिंगोलीकडं 4.5 चा धक्का बसला, वसमत तालुक्यात पांगरा शिंदेच्या बाजूला जमिनीतून आवाज येतात हे तिथल्या लोकांना जुनं आहे.

राहिला प्रश्न हे करणार कोण. 2014 मध्ये तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती करायचं ठरलं. वाशी, लोहारा, पाटोदा, वडवणी, जळकोट, देवणी ही अशी काल-परवा शहर झालेली गावं, बऱ्याच ठिकाणी धड विकास आराखडा नाही, नगररचनेचा माणूस जिल्ह्याला. मग 2021-22 च्या सुमारास मुदती संपल्या आणि बहुतेक नगरपरिषदांवर प्रशासक बसला, निवडणूक झाली ती थेट डिसेंबर 2025 मध्ये, म्हणजे ज्या वर्षी एवढा पूर आला त्या वर्षी वॉर्डात विचारायला नगरसेवकच नव्हता. त्याच वर्षी आपत्ती कायद्यात दुरुस्ती होऊन शहरांसाठी वेगळं प्राधिकरण आलं, पण ते राजधान्या आणि महापालिका असलेल्या शहरांसाठी. मराठवाड्यात अशा महापालिका पाच. बीड, धाराशिव, हिंगोली ही जिल्ह्याची ठिकाणं असूनसुद्धा त्यात बसत नाहीत, मग भूम-परंड्याचं तर नावच नको. शेतीसाठी हवामानाचा मोठा प्रकल्प (पोकरा) 2018 पासून हजारो गावांत चालला, शहरांसाठीही पंचतत्त्वांचं अभियान (माझी वसुंधरा) 2020 पासून आहे, त्यात झाडं लागली, गुण मिळाले, बक्षिसं मिळाली. पूररेषा दोन्हीच्या कक्षेबाहेर राहिली.

आता नगरपालिकेची बॉडी निवडून आली आहे आणि बऱ्याच गावांत विकास आराखडा नव्यानं व्हायचा आहे. 2025 चं पाणी कुठल्या चौकापर्यंत, कुठल्या दुकानाच्या कितव्या पायरीपर्यंत आलं हे अजून लोकांना तोंडपाठ आहे, एक सर्वेअर, एक लेव्हल मशीन आणि वॉर्डातली चार माणसं घेतली तर त्याचा नकाशा होऊ शकतो, त्याला मंत्रालयाची परवानगी लागत नाही. ती काही कायदेशीर पूररेषा नसेल. पण प्रारूप (कच्चा) विकास आराखडा प्रसिद्ध झाला की हरकतींना 30 दिवस मिळतात, आणि त्या 30 दिवसांत असा नकाशा जोडून हरकत घेता येते.