तलवार डावीकडंच का सरकते?

मे महिन्यात बहिणीकडं परभणीला गेलो होतो. बाहेर जाळ पडत होता, त्यामुळं दुपारभर पोरं घरातच. दोघं भाचे कूलरपुढं उभे राहून हवेत हात फिरवत होते आणि टीव्हीत त्यांच्या बाहुल्या तलवारीनं भांडत होत्या. हातात कंट्रोलर धरून खेळायच्या निंटेंडो स्विच स्पोर्ट्स या व्हिडिओ गेममधला तलवारबाजीचा खेळ. थोड्या वेळात धाकटा रडकुंडीला आला.

"मामा, बघ की! हात सरळ धरलाय, तरी तलवार डावीकडंच चाललीय."

थोरल्याचं निदान तयार होतं, "कॅमेऱ्याला तुझा हात दिसंना गेलाय. पुढं सरक."

हा समज बहुतेकांचा असतो, म्हणून हा लेख. तलवार खेळताना तुमचा हात कोणताही कॅमेरा बघत नाही. निंटेंडोच्याच २००६ साली आलेल्या वी या जुन्या खेळयंत्राबरोबर टीव्हीवर ठेवायची एक पट्टी मिळायची. ती पट्टी हात बघते असंच लोक धरून चालायचे. प्रत्यक्षात तिच्यात फक्त डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचे (अवरक्त) दिवे असायचे आणि कॅमेरा हातातल्या रिमोटमध्ये. पट्टी मोडली म्हणून दोन मेणबत्त्या लावून खेळलेले लोकही आहेत! रिमोट कसा वळतोय हे नेमकं कळायला लागलं ते २००९ मध्ये, जायरोस्कोपचा, म्हणजे फिरणं मोजणाऱ्या उपकरणाचा, जोड आला तेव्हा. आजच्या कंट्रोलरमध्ये तो आतच असतो.

खेळाचे नियम थोडकेच. पाण्यावरच्या उंच ओट्यावर दोघं उभे असतात. वार बसला की समोरचा मागं ढकलला जातो आणि कडेवरून पाण्यात पडला की फेरी गेली. तीनपैकी दोन फेऱ्या जिंकायच्या. खरी गंमत बचावात आहे. बटण दाबून तलवार वाराच्या रेषेला काटकोनात धरायची. वार वरून खाली येत असेल तर तलवार आडवी, बाजूनं येत असेल तर उभी. वार अडला की मारणाराच क्षणभर गांगरतो, आणि तीच आपली संधी.

पण तलवार आडवी आहे की उभी, हे यंत्राला कळतं कसं?

कंट्रोलरमधल्या जायरोस्कोपच्या, थोडक्यात जायरोच्या, आत तांदळाच्या दाण्याएवढीही जागा न घेणारं सिलिकॉनचं एक वजन असतं. सिलिकॉनच्याच बारीक स्प्रिंगांवर ते टांगलेलं असतं आणि वीज देऊन सेकंदाला हजारो वेळा मागं-पुढं थरथरवत ठेवलेलं असतं. आता जत्रेतली गोल चक्री डोळ्यांपुढं आणा. चक्री फिरत असताना मध्यापासून कडेकडं सरळ चालायचा प्रयत्न केलात तर कुणीतरी बाजूला ढकलतंय असं वाटतं. मध्याजवळ चक्रीचा वेग कमी, कडेला जास्त. तुम्ही मधला कमी वेग घेऊन निघता, म्हणून मागं पडता. कडेकडून मध्याकडं परत याल तर उलट्या बाजूला ढकलले जाल. फ्रेंच गणिती कोरिऑलिस यानं १८३५ मध्ये याचं गणित मांडलं, म्हणून हे कोरिऑलिस बल.

आपलं सिलिकॉनचं वजन याच चक्रीवर सतत येरझारा घालत असतं. मनगट फिरलं की चक्री फिरली. मग ते वजन मागं-पुढं थरथरता थरथरता बाजूलाही थरथरायला लागतं. मनगट जितकं वेगानं फिरेल, तितकी बाजूची थरथर मोठी. वजनाच्या कडेला फणीसारखे दात असतात, समोर स्थिर फणीचे दात. दोन दातांमधलं अंतर बदललं की विद्युत धारिता, म्हणजे वीजभार साठवायची क्षमता, बदलते आणि तीच मोजली जाते. चांगल्या जायरोत टिपली जाणारी ही हालचाल अणूच्या व्यासापेक्षाही लहान असू शकते. हे मी पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती. दक्षिण गोलार्धातून विषुववृत्त ओलांडून येणाऱ्या वाऱ्यांना उजवीकडं वळवून नैऋत्य मोसमी वारे करणारं बलही हेच. ज्या पावसाची मराठवाडा वाट बघत बसतो, त्याची दिशा आणि पोराच्या हातातल्या तलवारीची दिशा एकाच नियमानं ठरते.

आता धाकट्याच्या तक्रारीकडं येऊ. जायरो कोन मोजत नाही, फिरण्याचा वेग मोजतो. क्षणाक्षणाचा वेग बेरजेला लावून कोन काढावा लागतो आणि चूकसुद्धा त्याच बेरजेत जाते. स्थिर असतानाही जायरोनं सेकंदाला ०.१ अंश दाखवला तर मिनिटात ६ अंशांची चूक साचते. तापमान बदललं की ही चूकही बदलते.

मग तलवार वर-खाली का सरकत नाही? कारण तिथं साक्षीदार आहे. कंट्रोलरमध्ये त्वरणमापीही, म्हणजे झटका आणि गुरुत्वाकर्षणाची ओढ मोजणारा भागही, असतो. हात स्थिर असला की गुरुत्वाकर्षणामुळं त्याला खाली कुठं आहे हे कळतं आणि जायरोची कलण्यातली चूक तो सावकाश दुरुस्त करत राहतो. पण टेबलावर ठेवलेली पेन्सिल घड्याळाच्या काट्यासारखी फिरवा. गुरुत्वाकर्षणाच्या दृष्टीनं काहीच बदललं नाही! डावं-उजवं सांगणारा साक्षीदारच नाही, आणि या कंट्रोलरमध्ये होकायंत्रही नाही. म्हणून तलवार डावी-उजवीकडंच सरकते. कंट्रोलर पडद्याकडं सरळ धरून, बटण दाबून दिशा परत जुळवून घ्यायची. तरीही जमलं नाही तर तो सपाट जागी ठेवून, हात न लावता, सेटिंगमधून कॅलिब्रेट करायचा.

थोरला प्रत्येक वाराला खांद्यापासून हात फेकत होता, त्यानं आणखी घोळ होतो. हात जोरात हलला की त्वरणमापीला गुरुत्वाकर्षण आणि झटका यातला फरक कळत नाही. साक्षीदार गोंधळतो. म्हणून मनगटातून स्वच्छ, एका रेषेत वार करायचा आणि दोन वारांमध्ये हात क्षणभर थांबवायचा. पुढं धावण्यातही अर्थ नाही. हात कोणत्या दिशेला आहे ते यंत्राला कळतं, हात खोलीत कुठं आहे ते नाही. त्वरणावरून जागा काढायला दोनदा बेरीज लागते. गुरुत्वाकर्षणाच्या शंभराव्या भागाएवढी चूक असली तरी दहा सेकंदांत हात पाच मीटर लांब गेल्याचा हिशेब निघतो. म्हणजे परभणीच्या हॉलमधून थेट रस्त्यावर.

हात स्वतःला न कळत हलतो, हेही हे यंत्र दाखवून देतं. आपल्याकडं बोअर पाडायच्या आधी तळहातावर नारळ घेऊन पाणाडी शेत फिरतो. नारळ उभा राहिला की तिथं पाणी. मन ज्याची वाट बघतं तिकडं स्नायू नकळत झुकतात आणि एवढ्याशा कलानं नारळ उठतो. नियंत्रित चाचण्यांत पाणाड्यांचे अंदाज योगायोगापेक्षा सरस ठरलेले नाहीत. काळ्या पाषाणाच्या भेगांमधलं पाणी नारळाला कळत नाही. कोरड्या बोअरपायी कर्ज झालेली घरं मी पाहिली आहेत, म्हणून कळकळीनं सांगतो, बोअर घेण्याआधी भूजल सर्वेक्षणवाल्यांना विचारा.

एक गोष्ट मात्र या खेळाला जमत नाही. नांदेडला होळीच्या सणात शीख मंडळींना गतका, म्हणजे काठ्यांचा युद्धखेळ, खेळताना पाहिलं असेल, तर लाकडावर लाकूड आपटल्यावर हात कसा जागीच थांबतो ते आठवेल. इथं पडद्यावरची तलवार अडते, पण हात अडवणारं काही नसतं, तो पुढं जातच राहतो. वार अडल्यावरचं ते क्षणभर गांगरणं मला म्हणूनच हुशारीचं वाटतं. तेवढ्या वेळात खेळणारा हात परत जागेवर आणतो आणि तलवार त्याला येऊन मिळते.

दिशा जुळवल्यावर धाकट्यानं लागोपाठ दोन फेऱ्या जिंकल्या. मग घाम पुसत म्हणाला, "मामा, अंतराळात खेळलं तर?"

प्रश्न ऐकून मी उठूनच बसलो. अंतराळ स्थानकावर गुरुत्वाकर्षण असतंच, इथल्या जवळपास ९० टक्के. पण स्थानक, माणूस आणि कंट्रोलर सगळेच एकत्र पडत असतात, त्यामुळं त्वरणमापी शून्य दाखवतो. खाली कुठं हे सांगणारा साक्षीदारही गेला. तलवार डावीकडं, उजवीकडं, वर, खाली, कुठंही सरकत जाईल.

"मग तिथं सारखं बटण दाबावं लागंल," असं म्हणून तो परत टीव्हीपुढं जाऊन उभा राहिला.