स्टेल्थ आणि परसेप्शन (टेबलावरील भूमिकाखेळ)

टेबलाभोवती बसून खेळायच्या कल्पनारम्य भूमिकाखेळांत एखादे पात्र लपले का आणि दुसऱ्याला त्याची चाहूल लागली का, हे ठरवणारी नियमांची जोडी म्हणजे स्टेल्थ आणि परसेप्शन. लपणारा स्टेल्थचा फासा टाकतो, शोधणारा परसेप्शनचा. कुणाचा आकडा मोठा हे लहान मूलही सांगेल. वाद होतो तो फासा टाकण्याआधी: इथे लपता येते का, कुणापासून, आणि किती वेळ? या नोंदीत मुख्यतः ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चे नियम घेतले आहेत. उदाहरणे मात्र बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या सीमाभागातल्या रानातली आहेत. इथला मराठी खेळाडू नियमपुस्तक इंग्रजीत वाचतो आणि खेळतो आपल्या बोलीत. ओळखीच्या मातीत ठेवून पाहिला की नियम त्याला लवकर उमगतो.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ 1974 साली आला. सुरुवातीला त्यात चोर हा पात्रप्रकार नव्हता. तो 1975 च्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीतून आला आणि सावलीत लपणे, पाय न वाजवता चालणे ही कसबे टक्क्यांत मोजली जाऊ लागली. 1978 च्या प्रगत नियमांत पहिल्या पातळीवरच्या चोराला सावलीत लपण्याची शक्यता अवघी 10 टक्के होती. 2000 सालच्या तिसऱ्या आवृत्तीत लपणे आणि निःशब्द चालणे एका बाजूला, पाहणे आणि ऐकणे दुसऱ्या बाजूला, अशी चार कौशल्ये समोरासमोर आली. 2008 च्या चौथ्या आवृत्तीत त्यांची दोनच झाली. हिशेब सुटसुटीत झाला, पण डोळा आणि कान एकाच आकड्यात गेले. पहारेकऱ्याने पाहिले की ऐकले, हे तेव्हापासून खेळ चालवणाऱ्या मास्टरलाच लक्षात ठेवावे लागते, आणि निम्मी भांडणे तिथेच उगवतात.

2014 च्या पाचव्या आवृत्तीनुसार जो तुम्हाला स्वच्छ पाहू शकतो, त्याच्यापासून लपता येत नाही. लपण्याजोगी परिस्थिती आहे का, हे मास्टरने ठरवावे, असे पुढच्या छपायांत स्पष्ट लिहिले गेले. काहींना ही पळवाट वाटते. खरे तर नियमाचा कणाच तो आहे. वीस बाजूंचा फासा पात्र किती कुशलतेने लपले एवढेच सांगतो. रिकाम्या अंगणात भर दुपारी 20 पडले म्हणून माणूस नाहीसा होत नाही. 2024 च्या सुधारित नियमांनी हा भाग अधिक बांधला. दाट आडोसा (नजर पोचू न देणारा काळोख, धुके, झाडी), निदान तीन-चतुर्थांश अंग झाकणारी आड किंवा पूर्ण आड हवी, शत्रूच्या नजरेच्या रेषेबाहेर असावे, आणि स्टेल्थचा आकडा किमान 15 यावा. मग पात्राला ‘अदृश्य’ ही अवस्था मिळते आणि पडलेला आकडा हाच शोधणाऱ्यापुढचा अडसर ठरतो. कुजबुजीपेक्षा मोठा आवाज केला, हल्ला केला, उच्चार लागणारा मंत्र म्हटला किंवा शत्रूने शोधून काढले, की ती अवस्था संपते.

‘अदृश्य’ या शब्दाने नवा घोळ घातला. भिंतीआड यशस्वीपणे लपलेले पात्र उजेडात पहारेकऱ्यासमोरून चालत गेले तर? नियम अक्षरशः वाचणारा म्हणतो की पहारेकऱ्याने परसेप्शनचा फासा टाकून शोधेपर्यंत ते अदृश्यच. हे वाचन टिकत नाही. समोर, उजेडात, मध्ये काहीही नसताना नजर पडली म्हणजे सापडला. तिथे फासा मागूच नये.

न दिसणे आणि ठावठिकाणा न कळणे, या दोन गोष्टींची गल्लत सर्वांत जास्त होते. चिकोडी-निपाणीकडचा वाढलेला ऊस घ्या. आत शिरलेला माणूस दोन हातांवरूनही दिसत नाही. नियमाच्या भाषेत हा दाट आडोसा. पण चालताना पाला असा वाजतो की बांधावरचा राखणदार बोट दाखवून सांगेल, तिथे आहे. टेबलावर हे असे बोलले जाईल: “मी उसात शिरलो, दिसतो काय?” “दिसत नाहीस रे, खरं पाला वाजायलाय.” म्हणजे त्याच्यावर बाण मारता येतो, मात्र न दिसणाऱ्यावर मारल्यामुळे डिसअॅडव्हान्टेजने: दोन फासे टाकून लहान आकडा घ्यायचा. त्याने स्टेल्थचा फासा जिंकला तरच मारणाऱ्याला जागा अंदाजाने धरावी लागते. ‘पाथफाइंडर’ या अशाच दुसऱ्या खेळाच्या 2019 च्या दुसऱ्या आवृत्तीने यासाठी पायऱ्याच केल्या. पात्र अंधूक दिसत असेल तर नेम धरणाऱ्याला आधी वीस बाजूंच्या फाशावर 5 किंवा जास्त लागतात. दिसत नाही पण जागा ठाऊक आहे, तर 11. त्यापुढे जागाही ठाऊक नाही ही पायरी, आणि कुणी आहे याचा संशयही नाही ही शेवटची. दुसरा कुठलाही खेळ खेळत असाल तरी या पायऱ्या मनात ठेवाव्यात.

कणकुंबी-जांबोटीच्या पावसाळ्यात हिशेब उलटतो. धुके डोळा बंद करते आणि कौलांवरचा पाऊस कान. तिथे पात्राला लपणे सोपे, पण त्यालाही शत्रू दिसत नाही, हे खेळाडू सोयीस्करपणे विसरतात. सौंदत्तीकडची काळी जमीन ज्वारी काढल्यावर उघडी पडते. तिथे रात्र हाच आडोसा. मशालवाला पहारेकरी 20 फुटांपर्यंत स्वच्छ आणि पुढचे 20 फूट अंधूक पाहतो. तो स्वतः मात्र मैलभरावरून दिसतो.

दरवेळी फासा टाकू नये म्हणून पॅसिव्ह परसेप्शन आहे: 10 अधिक पात्राच्या परसेप्शनच्या फाशात एरवी मिळवायचा आकडा. मंद उजेडात नजरेवर डिसअॅडव्हान्टेज येतो, म्हणून या आकड्यातून 5 वजा होतात. समजा 2014 च्या नियमांत पहारेकऱ्याचा हा आकडा 13 आहे आणि चोराच्या स्टेल्थच्या फाशात 7 मिळवायचे आहेत. फाशावर 6 किंवा जास्त हवेत, म्हणजे 75 टक्के संधी. पण चार चौक्यांपाशी मास्टरने चार वेळा नवा फासा मागितला, तर चारही पार होण्याची शक्यता 32 टक्क्यांवर घसरते. कसबी चोर पकडला जातो तो बहुधा असा, मास्टरच्या उत्साहापायी. परिस्थिती बदलेपर्यंत एकच आकडा चालू ठेवणे न्यायाचे.

पूर्ण टोळी लपतछपत निघाली की हेच गणित आणखी कठोर होते. पाच जणांना प्रत्येकी 60 टक्के संधी असेल, तर सगळे सुटण्याची शक्यता जेमतेम 8 टक्के. गटाच्या फाशात निम्मे किंवा जास्त जिंकले की सर्व पार; तीच शक्यता 68 टक्के होते. अचानक छाप्याला मात्र 2014 च्या नियमांत ही सवलत नाही: पाचांतला एक जरी दिसला तरी तो पाहणारा बेसावध राहत नाही. साखळी चिलखत घातलेला गडी सोबत असला की याचा प्रत्यय येतो, कारण ते चिलखतच स्टेल्थला डिसअॅडव्हान्टेज देते. 2024 पासून बेसावध असण्याची शिक्षा सौम्य झाली. पहिली पाळी बुडत नाही, फक्त क्रम ठरवणारा फासा डिसअॅडव्हान्टेजने टाकावा लागतो.

नजरेची रेषा तोंडी सांगून पटत नाही. बेळगावात दिवाळीला मुले मातीचे किल्ले करतात. तसाच छोटा किल्ला टेबलावर मांडावा, राजहंसगडासारखा, बुरूज आणि तटासकट. पहारेकऱ्याच्या डोळ्यापासून लपणाऱ्यापर्यंत दोरा ताणला की वाद मिटतो. दोरा तटाला अडला तर आड पूर्ण. निम्मे अंग झाकले तर बचावात 2 ची भर, तीन-चतुर्थांश झाकले तर 5 ची.

शोधणारा माणूस नसेल तर आधी त्याचे इंद्रिय विचारावे. मुधोळचे शिकारी कुत्रे नजरेवर धावते, तेव्हा वाऱ्याची दिशा सांभाळून त्याला चकवता येणार नाही, आडोसाच हवा. वासावर चालणाऱ्या कुत्र्यापुढे नेमके उलटे. भीमगड अभयारण्याच्या परिसरात बारापेडे गुहा रॉटनच्या दुर्मीळ वटवाघळासाठी ओळखल्या जातात. अशा गुहेत प्रसंग रचला तर काळोख पात्राच्या कामाचा नाही. 2014 च्या नियमांतल्या वटवाघळाला 60 फुटांपर्यंत डोळ्यांवाचून जाण असते, ती प्रतिध्वनीवर चालते, आणि त्याचे कान बधिर केले तरच ती बंद पडते. गुहेत त्याच्यापासून लपायचे तर खडकाचीच आड घ्यावी लागते.